पुढच्या खोलीतली जमीन

आर्डिसने गाडी अंगणात उभी केली तेव्हाच तिला कळलं, की आत वाजलंय. ओसरीच्या पायरीवर ब्रिटा एकटीच बसली होती, आणि नऊ वर्षांची पोर नोव्हेंबरच्या थंडीत टोपी न घालता बाहेर येऊन बसते ती आतल्या आवाजांना कंटाळूनच.

"काय गं, टोपी कुठंय तुझी?"

"आत. पण आत आई आणि मामा..." ब्रिटाने दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या. "गालिच्यावरून."

"मग, कोण जिंकतंय?"

ब्रिटाने जरा विचार केला. "गालिचा," ती म्हणाली.

आर्डिस हसली. पोरीला हाताला धरून ती आत शिरली. वर्गात दोन मुलं भांडत असली की तिसऱ्याला हाताशी धरून मधून चालत जायचं, ही तिची शाळेतली जुनी सवय. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती सुटली नव्हती.

भांडणाचं मूळ साधं होतं. आर्डिसच्या भावाची, लाइलची, बायको मार्लिस सप्टेंबरात मागच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. लाइल जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात ती एकटीच. शस्त्रक्रिया चांगली झाली, आणि तेव्हापासून ती गावातल्या शुश्रूषागृहात होती. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी घर येऊन पाहिलं आणि सरळ सांगितलं: आता जिना चढणं बंद, खाट खाली पुढच्या खोलीत आणा, आणि हा जाडजूड गालिचा काढा, वॉकरचे पाय त्यात अडकले तर दुसरा खुबाही जाईल. हे ऐकून मार्लिसने मुलगा ड्वेन आणि मुलगी जोलीन दोघांनाही फोन केला. "गालिच्याला हात लावायचा नाही. तो काढल्याशिवाय घरी येता येणार नसेल, तर मी इथंच कायमची खोली घेते." कारण तिने सांगितलं नाही. टॉलेफसन आडनावाच्या या घरात कारण विचारायची पद्धत नव्हती, आणि आपणहून सांगायची तर त्याहून नव्हती.

आणि आता जोलीनने कुणाला न विचारता अर्धा गालिचा गुंडाळून ठेवला होता.

"आईने स्पष्ट सांगितलं होतं!" ड्वेन ओरडत होता. अंगात शिकारीचं भगवं जाकीट तसंच होतं. हरणांच्या मोसमातला सगळ्यात चांगला आठवडा सोडून तो आला होता, आणि हे तो कुणाला विसरू देणार नव्हता.

"मग ठेव तिला तिथं! खिडकीतून गाड्यांचा तळ बघत बसेल बिचारी."

"तिथं हाक मारली तर माणूस येतं. इथं कोण येणारे? तू मिनियापोलिसला, मी ग्रीन बेला. मांजर येईल?"

"मांजरसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त वेळा येतं."

"बरं," आर्डिस म्हणाली. आवाज चढवायची तिला कधी गरज पडत नसे. "माझी बॅग कुणीतरी आत आणा. आणि मला बघू द्या."

दोघं बाजूला झाले, आणि आर्डिसला जमीन दिसली.

आर्डिसच्या आजोबांनी ओकच्या फळ्या एकेक करून बसवलेली ही जमीन तिने तीसेक वर्षांत पाहिली नव्हती. गालिच्याखाली इतकी वर्षं दडून राहिल्यामुळे तिचा मधासारखा रंग तसाच टिकला होता. पण त्या मधात दोन काळे डाग होते. एक रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी, परातीएवढं गोल कडं. दुसरा आतल्या भिंतीला लागून, लांबोडका, माणूस आडवं होईल एवढा, आणि मधोमध तर शाई सांडल्यासारखा काळाकुट्ट.

"ते गोल मला ठाऊकंय," जोलीन म्हणाली. "नाताळचं झाड तिथंच असायचं. बाबा झाड उभं करायच्या त्या लोखंडी तिवईत रोज पाणी घालायचे, आणि ती गळायची. पण हा मोठा? मला वाटतं कुत्रा."

"कुठला कुत्रा? कुत्रे कोठारात असायचे. आईने कधी उंबरा ओलांडू दिला नाही त्यांना."

"इथं खाट होती," आर्डिस म्हणाली. "तुमच्या आजीची."

सेल्मा आजी त्यांना पुसट आठवत होती. उजवं अंग गेलेली, बोलता न येणारी, खिडकीकडे तोंड करून पडलेली. आर्डिसला मात्र सगळं लख्ख आठवत होतं. ती तेव्हा दूर उत्तरेला, सुपीरियरजवळच्या शाळेत शिकवत होती. जमेल त्या रविवारी यायची. येताना परातभर गोड वड्या भाजून आणायची. आई नेहमी स्वच्छ असायची. चादर ताणून बसवलेली, केस विंचरलेले, खोलीत साबणाचा वास. खाटेखाली चिंध्यांची एक जाड सतरंजी. मार्लिस दिवसा चीजच्या कारखान्यात कामाला जायची, तिच्या पदरात ही दोन लहान पोरं, आणि आईचं सगळं तीच करायची. आई गेली त्याच आठवड्यात मार्लिसने या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातला. इतकी सुंदर जमीन का झाकतेस, असं आर्डिसने विचारलंही होतं. पाय गारठतात, एवढंच मार्लिस म्हणाली होती.

"म्हणून नको म्हणत होती ती," आर्डिस स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"एका डागासाठी?" जोलीनला खरं वाटेना. "एका डागासाठी घर सोडणार?"

"तुझ्या आजीने ही जमीन दर वसंतात गुडघ्यांवर बसून मेणाने घासली होती. गावात नाव होतं या जमिनीचं. आणि ती मार्लिसच्या हाताखाली काळी पडली. तिला काय वाटलं असेल, ते तूच बघ."

"मग सोपं आहे," ड्वेन म्हणाला. "गालिचा परत अंथरू. तिला कळायचंसुद्धा नाही."

"अंथरला तर वॉकर चालणार नाही, आणि उचलला तर ती येणार नाही. मला वाटतं, आधी डाग निघतो का ते बघावं," आर्डिस म्हणाली.

ड्वेनने टोपी काढून डोकं खाजवलं. हातांना काम मिळालं की त्याचा राग निम्मा होतो, हे आर्डिसला तो पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. "बघू. पण आत्या, एक सांगून ठेवतो. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला तिला आणायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, असं ठरलंय. डाग निघाला तरी तिच्यासोबत राहणार कोण, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

आर्डिसने गालिच्याचं उरलेलं टोक उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

ड्वेनने दुपारी गावातून घासायचं मशीन भाड्याने आणलं आणि दोन्ही डागांवरचं जुनं वार्निश उडवलं. मधाचा रंग गेला, आत कोरं लाकूड दिसायला लागलं. काळे डाग मात्र जिथल्या तिथं. ते वार्निशवर नव्हतेच, लाकडात मुरले होते. आर्डिस आणि जोलीन स्वयंपाकघरात भोपळ्याच्या गोड पाईची तयारी करत होत्या, तेवढ्यात ड्वेनने बादलीभर पाणी आणि लोखंडी तारेची घासणी घेतली आणि ती जमीन कोपरापर्यंत घाम येईस्तोवर घासून काढली. "निघतोय, निघतोय!" असं तो आतून ओरडत होता.

सकाळी जोलीनची किंकाळी ऐकून सगळे धावले. काल जिथं कोरं लाकूड होतं, तिथं आता मिरपूड उधळल्यासारखे शेकडो काळे ठिपके उठले होते.

"हे काय केलंस?"

"मी... मी फक्त घासलं." ड्वेनचा चेहरा पार उतरला. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत काचेची बरणी फोडलेल्या पोरासारखा उभा होता. "झालं. वाट लावली मी. आई यायच्या आतच, होतं त्यापेक्षा वाईट करून ठेवलं."

"छान!" जोलीन म्हणाली. "हरणं वाचली, जमीन मेली."

"जोलीन, चहा ठेव," आर्डिस म्हणाली. "कडक. दूध नको. ब्रिटा, तू इकडे ये. तुझ्या मामाने आपल्याला एक प्रयोग करून दिलाय."

तिने ड्वेनच्या घासणीचा एक तुकडा तोडून गरम व्हिनेगरच्या वाटीत बुडवून ठेवला. न्याहारी होईपर्यंत थांबायला लावलं. मग काचेच्या पेल्यात चहा ओतला आणि ब्रिटाच्या हातात चमचा दिला.

"हा चहा कसा लागतो?"

ब्रिटाने जीभ लावली. "शी! तोंड आवळतं."

"तोंड आवळणारा तो जो तुरट रस आहे ना, तसलाच ओकच्या लाकडातही असतो. म्हणजे ही जमीन काय आहे?"

"चहा?" ब्रिटा हसायला लागली.

"वाळलेला चहा. आता त्या वाटीतलं पाणी यात घाल. चमचाभरच. त्यात लोखंड विरघळलंय."

ब्रिटाने घातलं. लालसर चहा तिच्या डोळ्यांदेखत काळा झाला, अगदी दौतीतल्या शाईसारखा. ती टाळ्या पिटणार तेवढ्यात थबकली आणि मामाकडे बघायला लागली.

"म्हणजे मामाने जमिनीत शाई केली."

"हो. घासणीचे बारीक कण फळ्यांत राहिले, वर पाणी. खिडकीपाशी तुझ्या आजोबांनी तिवईतून तेच केलं होतं. दर नाताळात थोडीथोडी शाई."

ड्वेन दाराला टेकून ऐकत होता. "आत्या, तू शाळेत हे असंच शिकवायचीस? मला चौथीत कुणी असं शिकवलं असतं तर मी इंजिनिअर झालो असतो."

"तू चौथीत खिडकीबाहेर बघत असायचास. तुझ्या आईने सांगितलंय मला." आर्डिसने जाड हातमोजे चढवले आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या लोखंडाचे डाग घालवणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाच्या डब्यातले चार पांढरे दाणे पेल्यात टाकले. "याला हात लावायचा नाही. हे विष आहे. नुसतं बघ."

शाई आधी जांभळट झाली, मग तपकिरी, आणि हळूहळू पुन्हा चहा दिसायला लागला. तो पेला मात्र आर्डिसने धुऊन ठेवला नाही. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

दिवसभर मग भांडण झालंच नाही. खिडक्या उघडल्या, ब्रिटाला उंबऱ्याबाहेर बसवलं, मोठ्यांनी तोंडावर फडकी बांधली. आर्डिसने गरम पाण्यात दाणे विरघळवले. ड्वेन आणि जोलीन दोघांनी मिळून, डागापुरतंच नाही तर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते पाणी पसरलं. नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग पडतो. मग वाट बघायची. पाणी सुकून वर पांढरा क्षार धरला, की ओल्या फडक्याने तो टिपायचा, सोड्याचं पाणी फिरवायचं, आणि पुन्हा स्वच्छ पाणी. वाट बघायच्या वेळात बहीणभाऊ पायरीवर बसले आणि आर्डिसने याही वेळी आणलेली वड्यांची परात फस्त केली. नाताळचं झाड आणताना बाबा एकदा बर्फात कसे रुतले होते, ते ड्वेनने ब्रिटाला उठून, लंगडून दाखवलं. आर्डिस खिडकीतून बघत राहिली. हे दोघं असे शेवटचे कधी हसले होते, तिला आठवेना.

संध्याकाळपर्यंत ड्वेनचे ठिपके गेले. खिडकीपाशी नाताळचं कडं होतं असं आता सांगूनही कुणाला पटलं नसतं. भिंतीकडचा मोठा डाग मात्र काळ्याचा तपकिरी झाला आणि तिथंच थांबला. बुधवारी सकाळी त्यांनी पुन्हा तोच सगळा खटाटोप केला. तो आणखी थोडा निवळला, कडक चहाचा साधा चहा झाला, पण गेला नाही.

"यात नुसतं लोखंड नाही," आर्डिस म्हणाली. "हे फार वर्षं, फार खोल गेलंय."

"माझ्याकडे उपाय आहे," ड्वेन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत चमक होती. "जिन्याखालच्या कपाटात हीच जमीन आहे. याच फळ्या, पणजोबांच्याच. तिथल्या उचकटायच्या आणि इथं बसवायच्या. कपाटात कोण बघतंय?"

"ड्वेन, तू हुशार आहेस!" जोलीन म्हणाली. भावाला ती असं म्हणाल्याचं आर्डिसने पहिल्यांदाच ऐकलं. "आईला कळणारसुद्धा नाही."

दोघं आपल्याकडे बघतायत, हे आर्डिसला जाणवलं. ती खाली वाकली आणि त्या तपकिरी डागावर तळहात ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं, थोडं गार. आपण या घरात पाहुण्यासारख्या यायचो तेव्हा इथं काय काय झालं असेल, याचा विचार करत ती बराच वेळ तशीच राहिली.

"नको," ती म्हणाली.

"अगं पण आत्या, तूच म्हणालीस ना, डाग काढू?"

"म्हणाले. कारण तो तिला नकोय असं मला वाटलं. पण हा निघून गेला आणि कुणी काही बोललंच नाही, तर तिला कायम वाटत राहील, की लपवण्यासारखंच काहीतरी होतं. फळ्या तिच्या आहेत. बदलायच्या का, ते तिला ठरवू दे. फक्त त्याआधी मला तिच्याशी बोलायचंय."

"आपल्या घरात?" जोलीन म्हणाली. "बोलायचं?"

"प्रयत्न करून बघू," आर्डिस म्हणाली.

गुरुवारी दुपारी टर्कीचा वास घरभर दरवळत असताना ड्वेनने मार्लिसला आणलं. ती वॉकर धरून दारात उभी राहिली. तिने केस नीट करून घेतले होते, निळा स्वेटर घातला होता. ब्रिटा "आजी!" म्हणून धावली, पण मार्लिसची नजर केव्हाच तिच्यावरून पलीकडे गेली होती. वार्निशचा नवा हात दिलेली जमीन उन्हात चमकत होती. भिंतीकडे तो तपकिरी डाग होता.

"मी सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "हात लावू नका म्हणून. ड्वेन, मला परत ने."

"आई, अगं जेवण तरी..."

"परत ने मला."

"मार्लिस," आर्डिस पुढे आली. "दोन मिनिटं थांब. मग मीच नेते तुला."

मार्लिसने तिच्याकडे बघितलं नाही. "रोज धुवायचे मी ती जागा. ब्लीचने, सोड्याने, हाताला लागेल त्याने. जितकी धुवायची तितकी काळी व्हायची. तुझी आई पडल्या पडल्या बघायची. बोलता येत नव्हतं, पण बघायची ती. तिची जमीन. आणि तू रविवारी येणार म्हटलं, की मी आदल्या दिवशी ती सतरंजी धुऊन, वाळवून पुन्हा टाकायचे. तुला ती जागा दिसू नये म्हणून."

"मला नाहीच दिसली."

"ते बरंच झालं."

"नाही, नाही झालं बरं." आर्डिस म्हणाली. "आई गेली तेव्हा तिला शेवटचे कपडे घालायला मी होते. आठवतंय? मी तिला कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि पाठीवर एक फोड नाही, एक लाल चट्टा नाही. तान्ह्या बाळासारखी पाठ होती तिची. रोज किती वेळा तिला उचलत होतीस, पुसत होतीस, कोरडी करत होतीस, कुणाला माहीत. जे काही ओलं झालं ते सगळं या जमिनीत गेलं, मार्लिस. तिच्या अंगाखाली राहिलं नाही. हा डाग बघून मला एवढंच कळलं."

स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण खडखडत होतं.

"मी गोड वड्या आणायचे," आर्डिस म्हणाली. "मला वाटायचं, त्यात सगळं आलं. पण तोंडाने मी ते कधी म्हटलं नाही. माझ्या आईचं तू केलंस. मी तुझी फार आभारी आहे."

मार्लिसने तोंड फिरवलं. खिशातून रुमाल काढायचा तर एक हात सुटा हवा, आणि तो सोडायची तिला भीती वाटत होती. ब्रिटाने तिच्या खिशातून रुमाल काढून तिच्या हाताशी नेला.

"त्या वड्या," मार्लिस नाक पुसत म्हणाली, "जरा कोरड्याच व्हायच्या तुझ्या."

जोलीनला आधी हसू फुटलं आणि मागोमाग रडू.

"आई, जिन्याखालच्या फळ्या आहेत," ड्वेन घाईघाईने म्हणाला. "तू म्हणशील तर मी उद्याच्या उद्या..."

"पणजोबांनी बसवलेल्या फळ्या उचकटायच्या? शुद्धीवर आहेस ना?" मार्लिसने वॉकर पुढे सरकवला. गुळगुळीत जमिनीवर तो सुरळीत सरकला. एक पाऊल, मग दुसरं. डागापाशी येऊन ती थांबली आणि खाली बघत राहिली. "बराच उतरलाय," ती म्हणाली. "काय लावलंत?"

"ते मी सांगते!" ब्रिटा म्हणाली. "ही जमीन म्हणजे चहा आहे!"

"नंतर सांग. सावकाश." मार्लिस मान वर करून ड्वेनकडे वळली. "पण त्याने काय होतंय, बाळा? तू म्हणतोस ते खरंच आहे. मला एकटीला जमणार नाही इथं. अंघोळसुद्धा नाही जमत."

ड्वेनने मान खाली घातली. आपलं म्हणणं बरोबर ठरल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता.

"मी राहते," आर्डिस म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते शब्द ऐकूनच कळले, पण ऐकल्यावर ते खरे वाटले. "तिकडे माझी काय कुणी वाट बघत नाही. दोन कुंड्या आहेत, त्या शेजारीण घेईल."

"तू?" मार्लिस म्हणाली. "जन्मात कुणाला उचललंस का कधी? दुसरीतली पोरं सोडून?"

"नाही."

"चादर बदलता येते, माणूस खाटेवर असताना?"

"नाही येत. शिकव."

मार्लिसने तिच्याकडे रोखून पाहिलं. वर्गात नव्या मुलीकडे आर्डिस स्वतः पहिल्या दिवशी बघत असे, तसंच. नवऱ्याची ही बहीण, गावात मान असलेली, सगळ्यांना शिकवत आलेली, आज हात जोडून पुढे उभी होती.

"ड्वेन," मार्लिस म्हणाली, "उद्या शुश्रूषागृहात फोन कर. म्हणावं, ती खोली दुसऱ्या कुणाला द्या." मग तिने एका दमात खुर्चीकडे वळायचा प्रयत्न केला, आणि तोल जातोय असं वाटून आर्डिसने झटकन तिचा दंड पकडला.

"अंहं. हाताला नाही धरायचं," मार्लिस म्हणाली. "हाताला धरलं की दोघीही पडतो. मागे उभी राहा. कमरेला धर. घट्ट, पण ओढू नकोस. मी चालेन तशी चाल."

आर्डिस मागे गेली आणि तिने कमरेला धरलं.

"हं," मार्लिस म्हणाली. "आता चल."